दारापेक्षा मोठी पेटी

काचकाकांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांना काचा बसवल्या. दुकानांच्या दर्शनी काचा, खिडक्या, न्हाणीघरांचे आडोसे; नजरेतच माप असं की टेप नुसती शोभेला. म्हणूनच त्यांनी बैठकीत माशांसाठी भिंतभर पेटी बांधली आणि ती दारातून बाहेर निघणार नाही एवढी मोठी निघाली, तेव्हा सगळी इमारत हसली. दिव्याखाली अंधार, म्हणाले लोक. काकाही हसले. खरं तर त्यांनी दाराचं माप आधी घेतलं होतं आणि मगच काच कापली होती.

त्याचं असं झालं. बायको गेली आणि थोड्याच दिवसांत लोक विचारू लागले, मुलाकडे कधी जाणार? मुलगा दुसऱ्या शहरात, चांगला कमावता. दर रविवारी फोन करायचा. जेवलात का, गुडघा कसा आहे, सगळं विचारायचा. फक्त 'या' म्हणायचा नाही. आणि मला घेऊन जा, असं बापाने कुठल्या तोंडाने म्हणायचं? एकदा समोरच्या शेजारीणबाईंनी जिन्यातच गाठलं, तेव्हा काकांच्या तोंडून निघून गेलं, "तो तर सारखा बोलावतोय. माझाच पाय निघत नाही."

झाकली मूठ सव्वा लाखाची. पण खोटं एकदा घरात घेतलं की त्याला रोज खायला घालावं लागतं. पाय का निघत नाही, याला कारण हवं होतं, आणि तेही कुणाला उचलून बाजूला ठेवता येणार नाही असं.

मग काका कामाला लागले. जाड काच आणली, कडा घासून गुळगुळीत केल्या. न्हाणीघराला वापरतात ते बुरशी न धरणारं सिलिकॉन त्यांनी कटाक्षाने टाळलं. त्यातल्या औषधाने मासे मरतात. लोखंडी घोडीवर थर्माकोल अंथरून त्यावर तळाची काच ठेवली, म्हणजे भार सगळीकडे सारखा बसतो. पेटीची एक बाजू उभी करताना दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, म्हणून ते खुर्चीला चिकटपट्टीने बांधलं. बायको असती तर तिने ते धरलं असतं आणि वर चार शब्द सुनावले असते. ते चार शब्द आठवून काका काच हातात धरून तसेच उभे राहिले, आणि सांधा वाकडा वाळला. तो कापून पुन्हा केला.

पाणी भरलं, मुरू दिलं, मासे सोडले. पंपाची गुरगुर सुरू झाली. घरात आपल्याशिवाय कुणीतरी श्वास घेतंय, एवढं सुख त्यात नक्की होतं. मासे काचेपाशी यायचे, पण ते खाण्यासाठी. हे काकांना कळत होतं. तरी ते त्यांच्याशी बोलायचे. बोलून झालं की घर आधीपेक्षा जास्तच रिकामं वाटायचं.

आणि एका रविवारी फोनऐवजी मुलगाच आला. दार शेजारीणबाईंनी उघडलेलं. त्या मासे बघायला आल्या होत्या.

मुलाने बूटही काढले नाहीत. "बाबा, न्यायला आलोय तुम्हाला," तो म्हणाला. "मागची खोली तुमच्यासाठी रिकामी केलीय."

काकांच्या छातीत काहीतरी एकदम सैल झालं. पेटीचं काय, ब्लेडने सांधे कापले की अर्ध्या दिवसात तिच्या सुट्या काचा होतात. मासे दुकानदार आनंदाने परत घेईल. कपड्यांची एक पिशवी भरायची, बस्स.

"आता काय बाई म्हणावं," शेजारीणबाई कौतुकाने म्हणाल्या. "इतके दिवस तू जीव तोडून बोलावतोयस, आणि हे आहेत की मासे सोडायला तयार नाहीत."

मुलाने बापाकडे पाहिलं. आपण न बोलावल्याचं बापाने लोकांपासून झाकलं, हे त्याला कळलं. त्याची मान खाली गेली. काकांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बाईंसमोर आता लगेच हो म्हटलं, तर आजवरचं सगळं उघडं पडणार होतं.

"यांना टाकून कसा येऊ रे?" ते म्हणाले.

बाई हसत आपल्या घरी गेल्या. बापलेक पेटीसमोर बसले. आणखी एकदा विचार, फक्त एकदा, असं काका मनात घोकत होते. मुलगा बराच वेळ माशांकडे बघत राहिला.

"छान रमलात तुम्ही," तो म्हणाला. "मीच उशीर केला."