जपूनमास्तरांचा निकाल

आमच्या मामाला सगळे ‘जपूनमास्तर’ म्हणतात. गाडी शिकवायला बसला की दर दोन वाक्यांमागे त्याचं ‘जपून’ ठरलेलं. पहिल्या दिवशी तो गाडी सुरूच करू देत नाही. आधी चेपलेल्या, उलटलेल्या गाड्यांचा अल्बम दाखवतो, मग रस्त्यात काय काय होऊ शकतं त्याची यादी तोंडपाठ म्हणून घेतो. मी त्याच्याच क्लासमध्ये पावत्या फाडते आणि शिकलेही त्याच्याकडेच, त्यामुळे ती यादी मला झोपेतही म्हणता येते.

यंदा परवाना कार्यालयाच्या मनात आलं, या शिकवण्याचा उपयोग किती होतो ते मोजावं. वर्षापूर्वी पास झालेल्या चाळीस जणांना फोन करून अपघात विचारायचे. एकही नसेल तर दारावर ‘आदर्श प्रशिक्षण केंद्र’ अशी पाटी. कोपऱ्यावरच्या क्लासची पाटी हुकली होती. तिथले विद्यार्थी बारा ठिकाणी धडकले होते. मामाचा जीव मात्र पाटीसाठी वरखाली होत होता. तीस वर्षं लोक त्याला भित्रा म्हणून हसत आले होते.

मोजणीवाली बाई आमच्याच टेबलावर बसून स्पीकरवर फोन लावू लागली. अपघात? नाही. अपघात? नाही. मामा खुर्चीत फुगत चालला. पण बाई निघाली चौकस. तिसऱ्या फोनपासून तिने आपल्या मनाने आणखी एक विचारायला सुरुवात केली, की आठवड्यात गाडी किती चालवता?

कोणी बसने जात होतं, कोणाकडे भाऊ चालवत होता. एकीने तर लायसन्स लॅमिनेट करून कपाटात ठेवलं होतं. हा प्रश्न राहून गेलेल्या पहिल्या दोघांना पुन्हा फोन केला, तर तिथेही तेच. असे गाडीला हातही न लावणारे एकोणचाळीस झाले. मामाचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी पावतीपुस्तकात डोकं खुपसलं, कारण मीही बसनेच येते. मला त्याची दया आली आणि रागही आला. माझ्या मनात ही भीती त्यानेच तर भरली होती.

बाईने त्याची समजूत घातली, की फॉर्ममध्ये रकाना फक्त अपघातांचा आहे.

चाळिसावी होती एक शिवणकाम करणारी बाई. तिची गाडी फाटकाच्या खांबाला घासली होती, दार चेपलं होतं. मास्तरांना मात्र सांगू नका, असं तिने बजावलं.

मामा उठून फोनपाशी आला. “कुठे निघाला होतात?”

“अगंबाई, मास्तर तुम्ही? कपडे पोचवायला निघाले होते. रोजच जाते की. परवा आईला घेऊन बहिणीच्या गावी जाऊन आले, दोनशे किलोमीटर.”

फोन ठेवल्यावर मोजणीवाली बाई जरा घुटमळली. एवढंसं घासणं अपघातात धरलंच पाहिजे असं नाही, म्हणाली. धरलं तर पाटी जाईल.

“जाऊ द्या. तुम्ही लिहा,” मामा म्हणाला. “माझ्याकडे शिकलेली ती एकटीच आहे.”