ससा वयात आला

आमच्या ह्यांना लकवा मारला आणि उजवा हात गेला. साखर कारखान्यात फिटर म्हणून सगळी उमर काढलेला माणूस; पण आता तो हात ह्यांनाच डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवावा लागायचा. मालिश झाली, गोळ्या झाल्या, फरक काडीचा नाही. शेवटी ह्यांनी व्यायामही सोडून दिला.

त्यात दिवाळीच्या सुट्टीत नातीनं श्रीगोंद्याच्या बाजारातून मुठीएवढा ससा आणला आणि पुण्याला जाताना आमच्या गळ्यात मारून गेली. मी म्हटलं, घ्या! एकाचं करते तेवढं कमी होतं का? पण ते पिल्लू थेट ह्यांच्या मांडीवर गेलं आणि त्या लुळ्या हाताखाली शिरून झोपलं.

"अगं, बोटं हलली! बघ की!" हे ओरडले.

बघितलं. सशाचं पोट वरखाली होत होतं, म्हणून वरची बोटं हलत होती. मला काय कळायचं ते कळलं. पण किती दिवसांनी ह्यांच्या तोंडावर हसू आलेलं, मी कशाला घालवू? म्हटलं, "व्हय, हलली."

झालं! दुसऱ्या दिवसापासून आपणहून व्यायाम सुरू. येईल त्याला सांगायचं, "हात येतोय हळूहळू." उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर स्वतः खोलणार म्हणे. आणि खरं सांगते, कधी कधी मलाही वाटायचं, येईलही. कुणी सांगावं?

होळीच्या सुमाराला ससा वयात आला. अरे देवा, काय ती थेरं! पायाभोवती गरागरा फिरायचा, भिंतीवर मुतायचा, चार्जरची वायर कुरतडायचा. उचलायला गेलं की लाथा आणि चावे. मांडीवर तर क्षणभर टिकेना. गुरांच्या डॉक्टरांना विचारलं, तर ते हसायलाच लागले.

"वयात आलाय, मावशी. खच्ची केला तर शांत होईल, पण त्याला पुण्याला न्यावं लागंल. मी बैलांचं करतो, सशाचं न्हाई."

हे म्हणाले, "राहू दे. येईल त्याचा तो." आणि रोज डाव्या हातात घासाची काडी धरून त्याची वाट बघत बसायचे. मला बघवायचं नाही.

परवा मी भाकरी थापत होते. बाहेरून हाक आली, "अगं, आला बघ मांडीवर! म्हटलं नव्हतं?"

पिठाच्या हातांनीच धावले. ससा खरंच मांडीवर होता. हे माझ्याकडे बघून हसत होते. खाली पायजमा रक्तानं भिजत चालला होता. मेल्यानं उजव्या हाताचा अंगठा फोडला होता आणि अजून सोडत नव्हता.

मी किंचाळले, त्याला मानगुटीला धरून ओढला, पाठीत एक धपाटा घातला. तेव्हा कुठे ह्यांनी खाली बघितलं. मी जखमेत हळद दाबली तरी हात तसाच पडून. ह्यांनी डाव्या हाताने तो अंगठा दाबून बघितला.

मग म्हणाले, "त्याला नको मारू. मला कळलंसुदिक न्हाई."