हात थांबले की धडा पास

“हात थांबले नाई, मास्तर. काढा हा धडा.”

धडा संपवून मी मान वर करायच्या आत काकूंचं हे वाक्य अंगावर यायचं. त्या माझ्याकडे बघतसुद्धा नसत. त्यांची नजर समोर बसलेल्या तीन पोरींच्या हातांवर. पोरींच्या पुढ्यात सुपं, सुपांत तूर. मी वाचत असताना खडे टिपणारी बोटं थांबली तर धडा पास, नाही थांबली तर नापास. झालं! मी मराठी घेऊन बी.ए., बी.एड. केलं होतं आणि माझे धडे तुरीच्या सुपावर ठरत होते.

मी तेव्हा सेलूला हायस्कुलात शिकवायचो आणि केळझरला खोली करून राहायचो. काकूंचं खेडं तिथून सायकलने जवळ. पोरी त्यांच्या नव्हेत, भासऱ्यांच्या, म्हणजे थोरल्या दिरांच्या. काकूंना मूलबाळ नव्हतं. गावातली शाळा चौथीपर्यंत, आणि पुढे? “पोट्ट्या बसनं सेलूले जानार नाईत,” असं भासऱ्यांनी सांगून टाकलेलं. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या या बाईने त्यांच्याकडून एक कबुली मात्र मिळवली होती. सातवीपर्यंत पोरींना घरीच शिकवायचं. मग थोरली सुशी आठवीच्या प्रवेश परीक्षेला बसेल. ती पास झाली तर ती सेलूला जाईल, आणि तिच्यामागून धाकट्या दोघी. नापास झाली तर विषय संपला, सोयरीक बघायची. काकूंना स्वतःला सातवीतूनच उठवून लग्नाला उभं केलं होतं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, गावाने सांगितलं.

गणित, इतिहास, भूगोल त्या स्वतः घ्यायच्या. मला म्हणाल्या, “मराठीचं तेवढं तुमी आखून द्या, मास्तर. पाचवी, सहावी, सातवी. बयाजवार, नीट लावून.”

मी आखलं ना! नवी नोकरी, अंगात नुसता उत्साह. कविता, कथा, चरित्र, प्रवासवर्णन, छोटी नाटुकली, सोप्याकडून अवघडाकडे, सगळं तीन रंगांच्या शाईत. काकूंनी तो भला मोठा कागद उलटसुलट पाहिला. “सुंदर हाये,” म्हणाल्या. मग त्याचीच घडी करून चुलीवरचं दुधाचं पातेलं उतरवलं. “आता एकएक वाचून दाखवा. बघू हात काय म्हनतेत.”

तिथून माझे रविवार नासले ते नासलेच. थोर पुरुषाचं चरित्र वाचलं, हात चालू. पहाटेचं वर्णन करणारी कविता अगदी चालीवर म्हटली, हात चालू. धाकटी तर त्या तालावर जास्तच भराभर खडे काढायला लागली. “कामाले चांगली हाये कविता,” काकू म्हणाल्या, “पन धड्यात नको.” हिमालयाचा प्रवास वाचताना सुशीचे हात क्षणभर थांबले. मी आशेने पाहिलं, तर तिला शिंक येत होती.

“अहो काकू, वाङ्मय म्हणजे काही जादूचा खेळ नव्हे! समजायला वेळ लागतो.”

“हाव ना. म्हनून तं तीन वर्सं देल्लीत तुमाले.”



एकदा मी उशिरा पोहोचलो तो तणतणतच. आदल्या दिवशी गिरडच्या दर्ग्याला गेलो होतो. परतताना बस जामच्या फाट्यावर थांबली, मी चपला सीटखाली ठेवून अनवाणीच चहाला उतरलो, आणि बस निघून गेली. माझ्या चपला घेऊन! भर उन्हात, डांबरावर, मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचतोय आणि चहावाला विचारतोय, “गुरुजी, काऊन नाचून राह्यले?” मी रागारागाने हे सांगत होतो. थांबून पाहतो तो तिन्ही सुपं गप्प. पोरींचे डोळे एवढे मोठे.

“हे टाका सहावीत,” काकू म्हणाल्या.

“काकू, हे साहित्य नाही. ही माझी फजिती आहे!”

“असू द्या. हात थांबले का नाई?”

दोन वर्षं अशी गेली. आखलेल्यातलं जेमतेम काही टिकलं. मग एका चिंचेच्या हंगामात नवल झालं. ‘श्रमाचे महत्त्व’ हा निबंध मी निव्वळ कर्तव्य म्हणून काढला आणि पहिल्याच वाक्याला तिघींचे हात थांबले. पुढचा धडा, पुन्हा थांबले. त्याच्या पुढचा, पुन्हा! मला तर स्वर्ग दोन बोटं उरला. त्या एका दुपारी जवळजवळ सबंध सातवी पास झाली. काकू उठल्या. आत गेल्या, न फोडलेल्या चिंचांची आणखी एक टोपली आणून पोरींपुढे ठेवली आणि मला म्हणाल्या, “लय आवडला वाटते. ‘श्रमाचे महत्त्व’ पुन्हा वाचा. मंग अजून एकदा.”

तिसऱ्या वाचनाला चिंचोके टपाटप पडायला लागले होते. हात थांबवले की कामही थांबतं, हे त्या चोरट्यांना माझ्याआधी कळलं होतं. सबंध सातवी पुन्हा कोरी झाली.

त्या दिवशी माझा तोल गेला. “परीक्षेत कोणी हात बघत नाही, काकू! तात्पर्य विचारतात. समानार्थी शब्द विचारतात. सुशीचं पुढचं सगळं त्याच्यावर आहे, आणि तुम्ही...”

“मंग तात्पर्य येगळं पाठ करून घ्या. वाचताना मधात काहाले आनता?”

“आणि तुमचे हात? एवढं वाचलं मी या ओसरीवर. तुमचे कधी थांबलेले मी पाहिले नाहीत!”

त्या हसल्या. हातातली चिंच फोडतच होत्या. “माहे थांबले तं संध्याकाळच्या पोया कोन लाटन, मास्तर?”

शेवटच्या वर्षी मी हट्टाने सुशीकडून तात्पर्यं घोकून घेतली. तिने ती घोकली, बिचारीने. काकू ते ऐकत आणि घशात काही अडकल्यासारखं तोंड करत.

परीक्षा झाली. मराठीचा पेपर आमच्याच एका सहकाऱ्याने तपासला. स्टाफरूममध्ये तो एक उत्तर मोठ्याने वाचायला लागला आणि माझ्या हातातला चहा हातातच राहिला. निबंधाचा विषय होता ‘माझा फसलेला प्रवास’. सुशीने जामचा फाटा लिहिला होता. माझ्या चपला, माझं डांबर, माझा चहावाला. पानंच्या पानं! त्या नादात तात्पर्य, समानार्थी शब्द, सगळं कोरं राहिलं. सहकारी म्हणाला, “लिहिलंय झकास, पण निबंधाला मार्क किती देणार? बाकी काही नाहीच.” सुशी नापास झाली.

सायकल मारत गेलो. मनात सगळं तयार होतं. सांगत नव्हतो का? माझं ऐकलं असतं तर? भासरे ओसरीवरून उठून आत जात होते. “विषय संपला, मास्तर,” एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे तर जास्तच चीड आली. पोरी कुठे दिसत नव्हत्या. काकू एकट्या तूर निवडत होत्या.

त्यापुढचं लवकर सांगतो. सुशीचं लग्न हिंगणघाटकडे झालं, धाकट्यांचीही झाली. काकू दोन-तीन वर्षांनी कावीळ होऊन गेल्या. माझी तेव्हा बदली झालेली, मला उशिरा कळलं. माझ्या सगळ्या नोकरीत कुणी माझा इतका वेळ खाल्ला नसेल, आणि कुणासाठी मी इतका चरफडलोही नसेन. आजही वर्गात वाचताना माझी नजर पोरांच्या हातांकडे जाते. ही खोड त्यांचीच.

पण ती संध्याकाळ. मी भांडायच्या तयारीने उभा, आणि काकूंनी मान खाली ठेवूनच विचारलं, “काय लिवलं होतं तिनं?”

मी सांगायला लागलो. चपला गेल्या, पाय भाजले, चहावाला हसला. काकूंची बोटं तुरीतून फिरतच होती.

“पण शेवट माझा नव्हता,” मी म्हणालो. “मला तिथे कोणी भेटलं नव्हतं. सुशीने एक बाई घातली आहे. डोक्यावर पदर घेतलेली. ती बाई आपल्या पायातल्या चपला काढून सुशीपुढे ठेवते आणि म्हणते, तू जाय पोरी. मले कुठं जाचं हाये?”

आतून भासऱ्यांनी पाणी मागितलं. पुन्हा मागितलं.

काकूंचे हात थांबले होते.