अर्ध्याची अर्धी

ठाकुर्लीच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या लाद्या बदलायला एक कारागीर यायचा. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. सोबत त्याची लहान मुलगी असायची. कामामागे गावं बदलताना तिची शाळा कधी सुरूच झाली नव्हती.

लादी कापण्याआधी तो विचारायचा, "सांग, इथं केवढी बसंल?"

ती जागेवर वीत ठेवून म्हणायची, "अर्धी."

नवी वाया जाऊ नये म्हणून तो आधी फुटक्या लादीतून अर्धी कापून तिच्यापुढे ठेवायचा. फट राहिली की ती पुन्हा वीत लावायची. ठेकेदार फोनवरून घाई करायचा, पण याचा आवाज कधी चढला नाही. मला त्याच्या सबुरीचं फार कौतुक वाटायचं.

"चुकतंय हे आधीच का सांगत नाही?" मी एकदा विचारलं.

"मी सांगितलं तर ती माझ्या तोंडाकडं बघंल, ताई. तिनं जमिनीकडं बघाया हवं."

शेवटी दारामागचा कोपरा उरला. ती बराच वेळ तिथे वाकून बसली.

"अर्ध्याची अर्धी," ती म्हणाली.

त्याने या वेळी नवी लादी घेतली, तिने सांगितली तेवढी कापली. तुकडा चपखल बसला. मग रबरी हातोडी तिच्या हातात देऊन तो बाजूला झाला, आणि तिने ती लादी ठोकून पक्की केली.