मोठीमायचा वड्यांचा रस्सा

फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात सोयाबीनच्या वड्यांत होते. पुण्यात मी चार घरी स्वयंपाक करते. त्यातल्या एका ताईंच्या मुलाला जिम लागलीय, म्हणून रोज वड्या. कोपरानं फोन दाबला तर सोनाळ्याहून चुलतभाऊ प्रकाश. "लता, आई गेली वं..." मी हो म्हणाले, वड्या पिळल्या, भाजी केली, पोळ्या लाटल्या, ओटा पुसला, आणि मग खाली बसस्टॉपवर येऊन रडले. अर्धं काम टाकून निघायची मला भीती वाटते. मला बऱ्याच गोष्टींची वाटते. हा लेखही त्याचाच आहे.

मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. माझी आई वारली तेव्हा मी आठवीत होते. शाळा सुटली ती सुटलीच, पण मोठीमायनं मला चुलीपाशी घेतलं आणि जे शिकवलं त्यावर आज परक्या गावात माझं घर चालतं. तिच्या माहेरी रविवारी मटन ठरलेलं. सासरीही आधी होतंच, अंगणात तीन दगडांवर, वेगळ्या जर्मनच्या पातेल्यात. मग मोठ्या बाबांनी, म्हणजे त्या थोरल्या काकांनी, गळ्यात माळ घातली. त्याच दिवशी ते पातेलं भांडेवालीला देऊन त्यांनी स्टीलच्या वाट्या घेतल्या. तिला कोणी विचारलं नाही. बायकोला हे विचारायचं असतं, हेच तिथं कोणाला माहीत नव्हतं.

तेव्हापासून तिनं वड्या धरल्या. मिठाच्या उकळत्या पाण्यात टाकायच्या, फुगल्या की पिळायच्या, थंड पाण्यातून काढून पुन्हा पिळायच्या. "त्याईचं पानी निंगालं नाही तं मसाला कुठी शिरन?" म्हणायची. मग तेलात लाल होईस्तोवर परतायच्या. खोबरं आणि कांदा विस्तवावर भाजून पाट्यावर वाटायचा, काळा मसाला घालायचा, वर बोटभर तर्री. कधी बटाट्यासोबत, कधी खिचडीत, कधी पाट्यावर जाडसर ठेचून मटार घालून खिमा. रोजचंच जेवण, पण वास असा की एका गुरुवारी भजनातले गणपतराव दारात येऊन ओरडले, "माळकऱ्याच्या घरात मटन शिजून राह्यलं काय बे?" मोठे बाबा लाजेनं खाली बघत बसले. मोठीमाय पातेलं घेऊन बाहेर आली. पळीभर वड्या गणपतरावांच्या हातावर टाकल्या. ते चावत राहिले, तरी पटेना. तेव्हा ती म्हणाली, "हड्डी पाह्यजे असन तं माही काढून घ्या, भाऊजी." गल्ली हसली. आम्हीही हसलो. इतकी वर्षं आम्ही त्यावर हसत आलो, याचं आता मला वाईट वाटतं.

मागच्या उन्हाळ्यात जळगाव जामोदच्या डॉक्टरांनी सांगितलं, अंगात रक्त नाही, चालत असेल तर अंडं-मटन द्या. प्रकाश म्हणाला, "आपल्या घरात चालत नाही, गोळ्या द्या." अंड्यानं ती वाचली असती असं मी म्हणत नाही. मला तेवढं कळत नाही. मी भेटायला गेले तेव्हा ती बाजेवर पडून होती, हात वाळलेल्या शेंगेसारखे. घरची सगळी माणसं चिखलीला लग्नाला गेली होती. तिनं मला जवळ बोलावलं.

"लते, एक डाव मटन खाऊ घाल वं मले. खरं."

"मोठे बाबा काय म्हनतीन?"

"त्याईले काऊन सांगतं? तू अन् मी."

मी पिशवी घेऊन निघाले. मटनाचं दुकान दोन गल्ल्या सोडून. तिथं प्रकाशचा मित्र उभा दिसला आणि माझे पाय थांबले. या घरानं मला पोसलं, लग्न लावून दिलं, माझ्या बाळंतपणात लाडू पाठवले... त्या घरात मी मटन नेऊ? मी तशीच वळले. किराण्यातून वड्यांचा पुडा घेतला. जीव ओतून रस्सा केला आणि भाकर चुरून तिच्यापुढं धरला. म्हटलं, "घे, मटन."

जिनं अख्ख्या गल्लीला चकवलं, तिला मी चकवायला गेले. तिनं दोन घास खाल्ले. सावकाश चावले. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "माह्या वाट्याले नळी नाही आली काय वं?"

"शिजताना फुटली वाटते."

"असन," ती म्हणाली. "मटन नरम शिजलं तुयं." आणि ताटली बाजूला सारली.

तेरवीला प्रकाशनं आचाऱ्याला मुद्दाम वड्यांचा रस्सा करायला लावला. आईला फार आवडायचा म्हणून. लोक मागून मागून जेवले. गणपतराव म्हणाले, "बाई कशी होती पाहा, माळ घातली नवऱ्यानं अन् पाळली हिनं. मटनाचं कधी नाव काढलं नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

पाहुणे गेल्यावर मोठे बाबा स्वयंपाकघरात आले. कधी येत नाहीत. पाट्यापाशी उकिडवे बसले, त्यावरून हात फिरवला. म्हणाले, "लता, तिले मटनाची याद येत होती काय वं?"

त्यांचे डोळे बघून मी घाबरले. वाटलं, या वयात या माणसाला हे कशाला? ज्यानं मला जेवू घातलं त्याच्या ताटात मी हे कसं वाढू? म्हटलं, "नाही बाबा. कधीच नाही." त्यांनी सुस्कारा सोडला आणि ते उठले. त्या रात्री ते पोटभर जेवले. तिच्या मटनाचं हे दुसरं खोटं. पहिलं तिला, दुसरं त्यांना, आणि दोन्ही मीच बोलले.

सोनाळ्यात पेपर पहिल्या गाडीनं येतो. मोठे बाबा ओट्यावर बसून पुरवणीसुद्धा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. हे त्यांनी वाचलं तर त्या घराचं दार मला बंद होईल, माहीत आहे. तोंडावर सांगायची छाती झाली नाही, म्हणून इथं सांगते.

हाव बाबा. येत होती. लय येत होती.