दारात न मावणारा डोंगर

दंतवैद्यांच्या गल्लीत त्याला सगळे बत्तिशी म्हणत. खरं नाव घराच्या पाटीवर होतं, पण तीही निम्मी पुसलेली. काम कवळ्या करण्याचं. डॉक्टर तोंडाचा ठसा घेऊन पाठवत. हा त्यात प्लास्टर ओतून जबडा काढी, मेणात एकेक दात बसवी आणि घासूनपुसून चकचकीत कवळी परत धाडी. ती ज्याच्या तोंडात जाई, तो माणूस त्याला कधी भेटत नसे. शिवाय कवळी उत्तम साधली याची खूण एकच, ती कवळी आहे हे कुणाच्या लक्षातच यायला नको. उभी हयात त्याने अशा लक्षात न येणाऱ्या वस्तू केल्या, आणि त्याबद्दल त्याची काही कुरकुर नव्हती. गप्प बसायची सवयच लागली होती म्हणा ना.

बायको हाडांच्या दवाखान्यात प्लास्टरच्या खोलीत कामाला होती. मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालायचं आणि हाड जुळलं की ते करवतीने कापून काढायचं. संध्याकाळी दोघं घरी आली की दोघांच्याही बाह्यांना तीच पांढरी धूळ. त्याचा थोरला भाऊ म्हणे, तुमच्या घरी बसून उठलं की मागून माणूस पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसतो. भावाचा धंदा लोकांचं घरसामान हलवण्याचा. आवाज मोठा, पंजे मोठे, आणि मत द्यायला भीड म्हणून नाही.

या सगळ्यात रेल्वे शिरली ती एका कॅलेंडरातून. डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत ठशांची वाट बघत बसावं लागे, आणि समोरच्या भिंतीवर युरोपातल्या डोंगरी रेल्वेचं चित्र होतं. उंच दगडी कमानींचा वळणदार पूल, त्यावरून बोगद्यात शिरणारी लाल गाडी, मागे बर्फ. ते पान कधीच उलटून गेलं, तरी गाडी काही त्याच्या डोक्यातून जाईना. बोगद्याच्या पलीकडे ती कुठे निघत असेल, याचा तो मेण तापवता तापवता विचार करी.

पुढे लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि तिची खोली रिकामी झाली. बायकोने तिथे खिडकीपाशी खुर्ची टाकून निवांत बसायचं ठरवलं होतं. याने दोनतीन दिवस घसा खाकरून अखेर विषय काढला. आगगाडी, तीही खेळण्यातली, हे ऐकून ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. किती जागा लागेल एवढंच तिने विचारलं, आणि खिडकी व खुर्ची सोडून बाकी खोली त्याला देऊन टाकली.

भावाने मात्र कळल्यावर घर डोक्यावर घेतलं. या वयात लोक गुडघे सांभाळतात आणि आमचे बंधुराज झुकझुक गाडी खेळणार, असं तो चार पाहुण्यांत सांगत सुटला. बत्तिशी नेहमीसारखा कसंनुसं हसला.

त्याने सर्वांत लहान मापांपैकी एक निवडलं. खऱ्याच्या एकशेसाठाव्या हिश्शाचं. त्यात रुळांमधलं अंतर करंगळीच्या नखाएवढं, डबा तळहाताएवढा, आणि फलाटावर उभा असलेला माणूस तांदळाच्या दाण्याहून जेमतेम मोठा. एवढ्या लहान मापातच डोंगर खोलीत बसण्यासारखा होता. आधी त्याने जमिनीवर तपकिरी कागद चिकटवून सगळा मार्ग जेवढा बांधायचा तेवढाच आखला. स्टेशन इथे, दरी इथे, पूल वळणावर. डोंगराच्या पोटात एक लपलेली मार्गिका, म्हणजे एक गाडी आत थांबेल आणि बोगद्यातून दुसरीच बाहेर पडेल. बायको चहाचा कप घेऊन त्या कागदावरून वाट काढत खुर्चीकडे जाई. एकदा ती स्टेशनवर उभी राहून म्हणाली, "मागच्या रुळावर गाडी पडली तर तुमचा हात पोचेल का?" त्याने हात लांब करून पाहिला. पोचत नव्हता. कागद काढला, पुन्हा आखला, आणि या वेळी डोंगराला खालून डोकं घालता येईल असं भगदाड ठेवलं.

चढ तर त्याने दोनदा उखडला. पहिल्यांदा इंजिन मध्यावर जाऊन चाकं फिरवत जागीच राहिलं. दुसऱ्यांदा एकटं चढलं, पण मागे डबे लावले की घसरगुंडी. तेव्हा त्याला उमगलं की उंची हवी असेल तर लांबी द्यायला हवी, घाई करून डोंगर चढता येत नाही. त्याने रुळाला डोंगराच्या आत आणखी एक वेढा दिला. त्या दिवशी लाल गाडी न थांबता माथ्यावर पोचली, आणि स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या बायकोला त्याने हाताला धरून आणलं. तिने ओल्या हातांनीच पाहिलं. पुन्हा लावा म्हणाली.

मग त्याच्या हातांना कंठ फुटला. जाळीवर प्लास्टर लिंपून त्याने कडे उभे केले आणि मेण कोरायच्या सुरीने त्यांना भेगा पाडल्या. पुलाची एकच कमान मन लावून घडवली, तिचा रबरी साचा घेतला आणि बाकीच्या कमानी त्यातून ओतल्या, अगदी जबडे ओततात तशा. दातांच्या फटी साफ करायचे बारीक, निमुळते ब्रश असतात. त्यांना हिरवा रंग देऊन दांडी मातीत रोवली की सुरूचं झाड. गल्लीतल्या डॉक्टरांकडून त्याने एवढे ब्रश मागून आणले की एका डॉक्टरने काळजीने विचारलं, हिरड्यांना काही त्रास आहे का.

डोंगर छातीएवढा उंच झाला. बर्फ चढलं, स्टेशनात दिवे लागले. भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला घरी आलेल्या घड्याळजीने तो पाहिला. तो शहरातल्या हौशी रेल्वेवाल्यांच्या मंडळाचा चिटणीस होता. गाडीच्या दोन फेऱ्या त्याने वाकून पाहिल्या. मग त्याने विचारण्याच्या भानगडीत न पडता सरळ सांगितलं, येत्या प्रदर्शनात सभागृहाची मधली जागा याला. बत्तिशीने नाही म्हणायच्या आत बायको हो म्हणून मोकळी झाली.

डोंगर न्यायचा तर सामान हलवणारा घरचाच होता. प्रदर्शन आठवड्यावर आलं तेव्हा भाऊ जागा बघायला आला. त्याने डोंगराकडे एकदा पाहिलं, दाराकडे एकदा पाहिलं, आणि खिडकीच्या गजांकडे एकदा. मग खुर्चीत बसून हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. आडवा नेला तर रुंदी अडत होती, उभा केला तर उंची अडत होती. बत्तिशीने कागदावर दरी मापली होती, चढ मापला होता, तांदळाएवढ्या माणसाची टोपीसुद्धा मापली होती. खोलीचं दार मापायचं राहिलं होतं.

तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. त्याचा चेहरा बघून भावाचं हसू हळूहळू आटलं. दार आणि चौकट काढून टाकू, असं तो म्हणाला, पण तेवढ्यानेही भागणार नव्हतं.

"घड्याळजींना फोन करून नाही म्हणून सांगतो," बत्तिशी म्हणाला.

"का?" बायको म्हणाली. "कापू या की."

दोघा भावांनी तिच्याकडे पाहिलं.

"डोंगर कापायचा?" बत्तिशीने विचारलं.

"प्लास्टरच आहे ना? आयुष्यभर दुसरं काय केलं मी? पण कुठे कापायचा ते तुम्ही सांगायचं, आणि कापल्यावर तसाच्या तसा जुळला पाहिजे. ते काम तुमचं."

तो जुळवण्याचा शब्द त्याच्या डोक्यात लख्ख पेटला. दातावर टोपी करायची तर प्लास्टरच्या जबड्यातला एखादा दात सुटा करून पुन्हा जागच्या जागी बसवावा लागतो. त्यासाठी खाली पितळी खिळी बसवतात. दात काढा, ठेवा, शंभरदा करा, केसाचा फरक पडत नाही. दाताला जे जमतं ते डोंगराला का जमू नये?

पुढचे दिवस त्याने पोटावर झोपून काढले. जिथे रूळ कमीत कमी ठिकाणी ओलांडावे लागतील अशी रेघ त्याने शोधली. पुलाच्या टोकापासून, कड्याच्या भेगेतून, स्टेशनच्या मागून. रेघेच्या दोन्ही अंगांना डोंगराखालच्या लाकडी चौकटीत जाड पितळी खिळ्या आणि त्यांची घरं बसवली. रूळ जिथे तुटणार तिथे ते पितळी पट्ट्यांना कथलाचा डाग देऊन पक्के केले, म्हणजे कापल्यावर ते हलणार नाहीत. बायकोने दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना विचारून तिथली विजेवरची जुनी करवत आणली. ती गोल फिरत नाही, नुसती थरथरते. कातडीला लागली तर कातडी हलते, प्लास्टर मात्र चिरतं.

रविवारी सकाळी तिने चष्मा चढवला आणि बत्तिशीला खोलीबाहेर जायला सांगितलं. तो गेला नाही, पण भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ती रोग्यांशी बोलायची तशीच डोंगराशी बोलत होती. झालंच हं, आता थोडंच राहिलंय, हलू नका. प्लास्टर संपलं तिथून भावाने लाकूड कापायची करवत हातात घेतली, आणि त्या धिप्पाड माणसाने श्वास रोखून चौकट अशी कापली की एक सुरूचं झाडही पडलं नाही. शेवटचा धागा सुटला आणि डोंगर हलकेच दोन झाला. आतला लपलेला वेढा उघड्यावर आला. भाऊ वाकून त्यात बघत राहिला. "हे सगळं आत होतं?" तो म्हणाला. "आणि दिसणारच नव्हतं कुणाला?"

जिन्यातून उतरताना पुलाकडचा अर्धा डोंगर भावाने स्वतःच्या खांद्यावर घेतला, हमालांना हात लावू दिला नाही. खालच्या मजल्यावरची म्हातारी वर येत होती. तिला त्याने अदबीने सांगितलं, "आजी, जरा कडेला व्हा, डोंगर उतरतोय."

सभागृहात दोन्ही अर्धे समोरासमोर आणले आणि ढकलले. खिळ्या घरांत गेल्या, टक असा एक बारीक आवाज आला, आणि भेग कड्याच्या भेगेत विरून गेली. पण पहिल्या फेरीत लाल गाडीचा तिसरा डबा जोडावरून उडाला. पुन्हा लावला, पुन्हा उडाला. बाहेर दार उघडायची वेळ होत आली होती, लोकांची कुजबुज आत ऐकू येत होती. घड्याळजी घामाघूम. बत्तिशी मात्र आता शांत होता, कारण ही तक्रार त्याच्या ओळखीची होती. कवळी कुठेतरी उंच लागते आहे, हे रोजचंच. त्याने खिशातून निळा पातळ कागद काढला, उंच लागणारा दात शोधायला रोग्याला चावायला देतात तो. रुळावर ठेवला, वरून एक चाक फिरवलं. रुळाच्या टोकाला निळा ठिपका उमटला. तो ठिपका त्याने बारीक कानशीने दोनदा घासला, नखाने चाचपला, आणि मान हलवली.

दारं उघडली. लाल गाडी स्टेशनातून निघाली, पुलावर चढली, जोडावरून गेली ती जणू तिथे काही नव्हतंच, आणि बोगद्यात शिरली. लोक वाट बघत राहिले. दुसऱ्या तोंडातून हिरवी मालगाडी बाहेर पडली तेव्हा सगळ्या घोळक्यातून एकच हसू उसळलं आणि कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. दिवसभर तिथली गर्दी हटली नाही. माणसं खाली वाकत, डोळे रुळाच्या पातळीवर आणत, पोरांना खांद्यावर घेत. हा पूल कशाचा, ही झाडं कशाची, सगळ्यांना सगळं हवं होतं. बत्तिशी सांगत होता. आधी चाचरत, मग हात हलवत, आणि दुपारनंतर तर असा रंगून की बायको बघतच राहिली. एका गृहस्थाने विचारलं की हे कोणत्या संस्थेने केलं. तो म्हणाला, मी केलं. डोंगर मी केला आणि तो कापला हिने. भाऊ पलीकडे उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला आपण कोण ते न विचारता सांगत होता.

प्रेक्षकांच्या मतांनी दिला जाणारा चषक त्यांना मिळाला. घड्याळजीने तो बत्तिशीच्या हाती दिला, त्याने बायकोपुढे धरला, आणि तिने तो मानेनेच भावाकडे धाडला, कारण तिचे हात मोकळे नव्हते. दुपारपासून गाड्या तीच चालवत होती. नवऱ्याला बोलताना दोन्ही हात लागू लागल्यावर त्याने चालवायची बटणं जरा वेळ तिच्याकडे सोपवली होती, आणि मग ती परत द्यायला ती तयारच नव्हती.

संध्याकाळी सभागृह रिकामं झालं. आवराआवर सुरू करावी म्हणून बत्तिशी खाली वाकला, तर झाडणाऱ्या दोघी बाया आणि दारावरचा पहारेकरी झाडू बाजूला ठेवून उभे होते. दिवसभर आवाज ऐकला, पण गर्दीमुळे दिसलं काही नाही, असं त्यांनी सांगितलं. भावाने जाऊन तिघांना खुर्च्या आणून दिल्या. पहारेकऱ्याने मोठे दिवे मालवले. अंधारात स्टेशन उजळलं, डब्यांच्या खिडक्या उजळल्या.

"सगळे डबे लावा," बायको म्हणाली.

त्याने होते नव्हते तेवढे डबे इंजिनामागे जोडले. तिने बटण फिरवलं आणि ती लांबच लांब गाडी वेढे घेत डोंगर चढू लागली.