ब्रेकवरची दोन बोटं

मिल बंद पडल्यावर माझे पप्पा बाइकवरून रक्त पोचवायचे. परळच्या दवाखान्यांतून तपासणीचे नमुने घ्यायचे आणि दादरच्या एका लॅबमध्ये नेऊन द्यायचे. मागच्या सीटला थर्माकोलचा डबा बांधलेला, त्यात बर्फ आणि नळ्या. फार हिसके बसले की नमुना खराब होतो आणि पेशंटला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते. एका लहान मुलीचं रक्त असं वाया गेलं, तेव्हा ते दोन दिवस नीट जेवले नाहीत, असं आई सांगते. त्यानंतर त्यांचा ब्रेक कधी करकचून लागला नाही.

मी फिजिओथेरपी शिकून घरोघरी पेशंट बघायला लागले, तेव्हा मला स्कूटर नको होती, पप्पांसारखीच बाइक हवी होती. चाळीत थोडा हशा पिकला. पप्पा हसले नाहीत. रविवारी सकाळी लवकर उठ, एवढंच म्हणाले.

वडाळ्याला मिठागरांच्या बाजूचा रस्ता तेव्हा सकाळी मोकळा असायचा. गाडी सुरू करण्याआधीच त्यांनी माझे हात हँडलवर ठेवून बघितले. कोपरं ताठ होती, ती त्यांनी टिचकी मारून वाकवली. मनगट खाली पडलं तर खड्ड्यात गाडी आदळल्यावर ॲक्सिलरेटर आपोआप पिळला जातो, म्हणून मनगट सरळ. उजव्या हाताची दोन बोटं कायम पुढच्या ब्रेकवर, नुसती टेकलेली. मग रस्त्यावर खडूने रेघ मारून तिथे थांबायला सांगितलं. पुढचा आणि मागचा ब्रेक एकदम, आणि पुढचा हळूहळू वाढवत. लिंबू पिळतेस तसा पीळ, म्हणाले.

तिसऱ्या रविवारी वळताना समोर कुत्रा आला. मी घाबरून पुढचा ब्रेक आवळला आणि रेतीवर आडवी झाले. त्यांनी आधी मला उठवलं, कोपर धुतलं, मग गाडी उभी केली.

"हँडल सरळ होतं का?"

नव्हतं.

"आधी सरळ, मग ब्रेक. चल, बस परत."

रडायला वेळच मिळाला नाही. पण पुढे कितीतरी वर्षं ओल्या रस्त्यावर, गटाराच्या झाकणांवर, झेब्रा क्रॉसिंगच्या गुळगुळीत पट्ट्यांवर मी पडले नाही.

मी तिशीत असताना एकदा त्यांच्या मागे बसून लालबागहून येत होते. सिग्नलला गाडी पट्ट्याच्या पुढे जाऊन थांबली. मी खांद्यावरून पाहिलं, तर ब्रेकवर दोन नाही, चारही बोटं होती. घरी चहा झाल्यावर माझे दोन्ही हात पुढे केले आणि म्हटलं, "पप्पा, दाबा."

त्यांनी डाव्या हाताने माझा हात दुखेपर्यंत दाबला. उजव्याने नुसता धरला. त्यांनी पुन्हा जोर लावून पाहिला, मग माझ्याकडे न बघता हात सोडला.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून," ते म्हणाले. "तुझ्या आईला सांगू नकोस."

मानेतली नस दबली होती. व्यायामाने शर्टाची बटणं लावण्याइतकी ताकद परत आली, ब्रेक दाबण्याइतकी नाही. त्यांच्या बाइकची चावी मला मागावी लागली नाही. एका सकाळी ती माझ्या जेवणाच्या डब्याशेजारी ठेवलेली होती. मी ती उचलली.

मग ते माझ्या मागे बसू लागले. पहिले काही महिने पुढे काही आलं की मागे बसूनही त्यांचा उजवा पाय ब्रेक असल्यासारखा दाबला जायचा. मला तो कळायचा. एकदा गिरगावात उभ्या टॅक्सीचं दार अचानक उघडलं. माझी बोटं आधीच ब्रेकवर होती. गाडी सरळ रेषेत थांबली, दारापासून हातभर अंतरावर. टॅक्सीवाला माफी मागत राहिला. पप्पा उतरले, चाकामागचा रस्ता पाहिला. घसरल्याची खूण नव्हती. मग परत बसले.

संध्याकाळी मी घरी आले, तर ते चाळीच्या गॅलरीत शेजाऱ्यांना ती गोष्ट सांगत होते. टॅक्सीची तोवर बस झाली होती, आणि हातभर अंतराचं बोटभर. मी दुरुस्त केलं नाही.